सरकारी नोकरी आणि दारू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पंचायत समितीत बाबू होतो. दारूपायी नोकरी जाता जाता राहिली. दारू सोडून आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून फोन येतात : जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, लाइनमन, वनरक्षक, ग्रामसेवक, एसटीचे वाहक, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या घरच्या बाया. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. जिथे त्यांची गरज आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. मी रोज एकच पव्वा घेतो, तोही रात्री. याला व्यसन म्हणायचं का?

आधी एक पव्वा म्हणजे किती ते बघा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ३० मिलीचे सहा पेग बसतात. व्हिस्की-रमच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे "एकच पव्वा" हे रोजचे ६० ग्रॅम झाले. दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. रोजचे ६० ग्रॅम तर यकृताला कुठल्याही हिशेबाने जास्तच.

पण व्यसन नुसतं मापावर ठरत नाही. ठरवलं त्यापेक्षा जास्त होते का? एखाद्या दिवशी मिळाली नाही तर हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, असं होतं का? सकाळी उठल्यावर "थोडी लागते" का? पूर्वी जेवढ्यात चढायची तेवढ्यात आता काहीच होत नाही का? घरात भांडणं, उधारी, पोटदुखी सुरू झाली तरी पिणं चालूच आहे का? यातल्या दोन-तीन गोष्टींना "हो" उत्तर आलं तर डॉक्टरांना भेटा. त्यांच्याकडे 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते. पाच मिनिटं लागतात. प्रामाणिकपणे भरलीत तर आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

२. मी ड्यूटीवर कधीच पीत नाही. सुटल्यावर काय करतो याच्याशी ऑफिसला काय देणंघेणं?

दोन कारणांनी देणंघेणं आहे.

पहिलं कारण शरीराचं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल बाहेर काढतं. लिंबूपाणी, आंघोळ, काळा चहा यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला पव्वा संपवला तर सकाळी सहा-सातपर्यंत ती अंगात असते. दोन पव्वे झाले असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. म्हणजे सकाळची पहिली गाडी काढणारा चालक, सातच्या शाळेचे गुरुजी आणि पहाटे फॉल्ट काढायला निघालेला लाइनमन, "काल रात्री घेतली होती" म्हणत ड्यूटीवर प्यालेलेच असतात. मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दारू रात्री घेतली का सकाळी, हे श्वास तपासणारं यंत्र विचारत नाही.

दुसरं कारण नियमाचं. ते पुढच्या उत्तरात आहे.

३. नियमात नेमकं काय लिहिलं आहे?

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. एसटी आणि महावितरणचे आपापले सेवा विनियम आहेत. गाभा सगळीकडे सारखाच : ज्या भागात नोकरी आहे तिथला दारूविषयीचा कायदा पाळायचा, कामावर असताना नशेत असायचं नाही, सार्वजनिक जागी नशेत दिसायचं नाही. म्हणजे रविवारी बसस्टँडवर पडलेला माणूसही "सुट्टी होती" म्हणून सुटत नाही. गावात तलाठी, गुरुजी, ग्रामसेवक यांना सगळे ओळखतात, आणि अशा माणसाचा व्हिडिओ तासाभरात तालुकाभर फिरतो.

शिवाय महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ सगळ्यांनाच लागू आहे. परवाना लागतो, आणि देशी-विदेशी दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. पण खिशात परवाना असणं म्हणजे ड्यूटीवर नशेत असण्याची मुभा नव्हे. हा गैरसमज बऱ्याच सुशिक्षित लोकांच्या तोंडून मी ऐकला आहे.

४. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. आम्हाला वेगळं काही लागू होतं का?

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यात बाटली जवळ बाळगणं, आणणं हाच गुन्हा होऊ शकतो. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला "त्या भागातला कायदा पाळायचा" हा नियम इथे थेट लागू होतो. यवतमाळहून वर्ध्याला येताना सरकारी गाडीत चार बाटल्या सापडल्या, तर गुन्हा वेगळा आणि विभागीय चौकशी वेगळी. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

बंदी असलेल्या जिल्ह्यात माणसं पीत नाहीत असं नाही. पितात, आणि लपून, घाईघाईने, मिळेल ती पितात. उपचाराला जायलाही घाबरतात, "आपण पितो हे कबूल केलं तर पोलीस धरतील" म्हणून. डॉक्टरकडे उपचाराला गेला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. बिनधास्त जा.

५. मोहाची घरची दारू शुद्ध असते, तिने काही होत नाही, हे खरं का?

नाही. मोहफूल शुद्ध असेल, पण भट्टीतून उतरलेल्या दारूत अल्कोहोल किती हे कोणालाच माहीत नसतं. विकायच्या हातभट्टीत काय काय टाकतात हे ज्याने पाहिलं आहे तो सहसा पीत नाही. त्यात मिथेनॉल आलं तर डोळे आणि जीव दोन्ही जाऊ शकतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पिल्यावर काही तासांनी धुरकट दिसू लागलं, पोटात मुरडलं, श्वास जोरात चालू लागला, तर झोपवून ठेवू नका. ताबडतोब दवाखाना.

६. दौऱ्यावर साहेब येतात, पोळ्याच्या करीला पार्टी असते. नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर गोपनीय अहवालात दिसतं.

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, नुकतीच लागलेली. आपल्याकडे दौरा म्हटला की कोंबडा कापायचा, ढाब्यावर मागची खोली ठेवायची, हे ठरलेलं असतं. "घे ना बे, एकानं काय होते?" हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि पुढे दहा वर्षं मीच दुसऱ्यांना म्हटलं आहे. ज्या पोरांना म्हटलं त्यांच्यापैकी एक आज हयात नाही. हे मला टोचतं, म्हणून लिहितो.

कारण सांगत बसू नका. कारण दिलं की त्यावर वाद होतो. "मी घेत नाही, साहेब" एवढंच म्हणा, आणि पहिल्याच वेळी म्हणा. पाचव्या पार्टीत म्हटलं तर लोक चिडवतात, पहिल्या पार्टीत म्हटलं तर महिनाभरात विसरतात. ग्लासात पाणी किंवा सोडा हातात धरून बसा, जेवण वाढायची जबाबदारी घ्या, गाडी चालवायची जबाबदारी घ्या. शेंडगावच्या गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद नाराज झालेच होते. घरच्या पंगतीत ते झालं, तर ढाब्यावरच्या टेबलवरही होईल.

दारू घेतली नाही म्हणून अहवाल बिघडवला असं खरोखर वाटत असेल, तर प्रतिकूल शेरे तुम्हाला कळवावे लागतात आणि त्याविरुद्ध लेखी म्हणणं मांडता येतं. पण तीस वर्षांत मी पाहिलं ते असं : साहेबांना शेवटी काम करणाराच माणूस लागतो.

७. आमचा सहकारी पिऊन येतो. मनाने लय चांगला आहे, पोरं लहान आहेत. आम्ही सांभाळून घेतो. यात चूक काय?

याचं उत्तर लांब आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मला चार वर्षं सांभाळून घेतलं. हात इतका थरथरायचा की दहा वाजता मस्टरवर सही करताना शेवटचा फटकारा शेजारच्याच्या रकान्यात जायचा. म्हणून सही नीट यावी यासाठी मी घरून निघतानाच नव्वद मिली पिऊन यायचो. पुढे पुढे तेही जमेना, तेव्हा शेजारच्या टेबलवरचा मित्र माझी सही करू लागला. माझ्या फायली तो संध्याकाळी थांबून काढायचा. साहेबांनी विचारलं की "जिल्हा परिषदेत गेला आहे" म्हणायचा. त्याचं माझ्यावर प्रेम होतं, आजही आहे. पण त्या चार वर्षांत मला एकदाही किंमत मोजावी लागली नाही. पगार वेळेवर आणि पूर्ण. मग मी का थांबावं? जेव्हा उघड झालं तेव्हा माझ्यासोबत त्यालाही नोटीस आली, खोट्या हजेरीची. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. मी आजही त्याच्या घरी गेलो की हे आठवतं.

सांभाळून घेण्याचे दोन प्रकार असतात. त्याची सही करणं, खोटं सांगणं, उधार देणं, घरी सोडून गप्प राहणं, यानं आजार वाढतो. त्याच्यासोबत दवाखान्यात जाणं, भरती असताना त्याच्या घरी भाजीपाला पोचवणं, रजेचा अर्ज वेळेत देणं, याने माणूस वाचतो.

बोलायचं तर तो शुद्धीवर असताना बोला, सकाळी, एकट्याला गाठून. "तू दारुड्या झाला" म्हणू नका. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा : "मंगळवारी पोषण आहाराच्या खोलीत तू झोपला होतास, पोरं दारात उभी होती." आणि हेही सांगा की यापुढे मी तुझी सही करणार नाही, पण दवाखान्यात तुझ्यासोबत येईन. पहिल्यांदा तो चिडेल. दुसऱ्यांदा बोला.

जिथे दुसऱ्याचा जीव आहे तिथे मात्र थांबायचं नाही. लाइनमन, चालक, दवाखान्यातला कर्मचारी, बंदूकधारी पोलीस हे पिऊन आले असतील, तर त्याच क्षणी वरिष्ठांना सांगा. शटडाऊन घेतला, म्हणजे लाइनची वीज बंद केली की नाही हे ज्याला आठवत नाही त्याच्या हाती फीडर (मुख्य वीजवाहिनी) देणं म्हणजे पोलवरच्या माणसाला मारणं आहे.

८. मी मुख्याध्यापक आहे. शिक्षक पिऊन शाळेत आले तर त्या दिवशी नेमकं काय करू?

आधी मुलांपासून वेगळं करा. आरडाओरडा नको, गावकऱ्यांसमोर तमाशा नको. वर्गावर पाठवू नका. स्वतः गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका. गाडीची चावी लगेच काढून घ्या. मग केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा आणि दोन साक्षीदारांसमोर पंचनामा लिहा : वेळ, चालणं, बोलणं, वास, काय घडलं. वैद्यकीय तपासणी हवी असेल तर लगेच, काही तासांत. दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. तपासणी का लागते, ते प्रश्न ९ मध्ये.

त्यानंतर दोन वाटा असतात आणि दोन्ही सोबत चालवता येतात : शिस्तीची वाट आणि उपचाराची वाट. नोटीस द्याच, पण त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा पत्ताही द्या. नुसती नोटीस दिली की माणूस घरी जाऊन आणखी पितो.

९. तोंडाला वास आला, एवढ्यावर कारवाई होते का?

वास आला म्हणजे दारू घेतली एवढं कळतं. नशेत होता हे वासावरून सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एका फौजदारी प्रकरणात म्हटलं होतं की रक्त-लघवीची तपासणी नसताना नुसता वास आणि डोळ्यांची लक्षणं पुरेशी नाहीत. विभागीय चौकशीत मात्र पुरावा इतका काटेकोर लागत नाही. साक्षीदार, वागणूक, आधीच्या नोटिसा असं सगळं मिळून बघितलं जातं. म्हणून "रक्त घेतलंच नाही, आपण सुटलो" या भरवशावर राहू नका. आणि उलटही : खोकल्याच्या औषधाच्या वासावरून किंवा जुन्या भांडणातून खोटी तक्रार झाली असेल, तर तुम्हीच त्याच वेळी तपासणीचा आग्रह धरा. लेखी मागा.

१०. निलंबन झालं. आता पगार बंद?

पूर्ण पगार बंद, पण निर्वाह भत्ता मिळतो. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतकी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर आढावा होतो. चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर त्या रकमेत ५० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, तुम्हीच लांबवली असेल तर तेवढीच कमीही होऊ शकते. दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ठरवून दिलेलं मुख्यालय सोडता येत नाही.

आणि हो, पोलीस कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त राहावं लागलं, तर निलंबन आपोआप मानलं जातं.

हे महिने धोक्याचे असतात. हाती काम नाही, लाजेने घराबाहेर पडवत नाही, आणि पैसा थोडा का होईना येतोच. माझ्या ओळखीतली दोन माणसं निलंबनाच्याच काळात गेली. ज्याचं कोणी निलंबित झालं असेल त्याच्या घरी जा. चहा प्या, बसा.

११. "मी उपचार घेतोय" असं ऑफिसात सांगितलं तर नोकरी जाईल का?

उपचार घेतला म्हणून कोणाला काढता येत नाही. नोकऱ्या जातात त्या बहुतेक वेळा दारूच्या नावाने जातच नाहीत. आरोपपत्रात लिहिलेलं असतं "अनधिकृत गैरहजेरी". महिना-महिना अर्ज न देता घरी पडून राहणं, हेच खरं कारण. तेवढी उपचाराची रजा वेळेत टाकली असती तर नोकरी वाचली असती, असं मी किती जणांच्या बाबतीत पाहिलं आहे!

रजा आहे. दरवर्षी २० दिवसांची अर्धपगारी रजा जमा होत जाते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिची परिवर्तित रजा करून पूर्ण पगार मिळतो, त्यासाठी दुप्पट दिवस खात्यातून कमी होतात. अर्जित रजा आहे (शिक्षकांचं गणित वेगळं असतं). काहीच शिल्लक नसेल तर असाधारण रजा मागता येते, ती बिनपगारी. अर्ज भरती होण्याआधी द्या. जमलं नाही तर बायको-भावाकरवी पहिल्या दोन दिवसांत पोचवा, आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक विसरू नका.

गुप्ततेचं म्हणाल तर, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क दिला आहे.

पण आजार ही ढाल नव्हे. चौकशी सुरू झाल्यावर "मी आजारी होतो" म्हटल्याने आधीचं वर्तन पुसलं जात नाही. उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलीस दलातल्या एका चालकाने प्यालेल्या अवस्थेत जवानांचा ट्रक चालवला. अपघात किरकोळ होता, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की अपघात मोठा झाला नाही हे नशीब, माफीचं कारण नव्हे. पंचवीस वर्षांची नोकरी बघून बडतर्फीची सक्तीची सेवानिवृत्ती केली, तीही त्याच्या मृत्यूनंतर, घरच्यांच्या पदरात काही पडावं म्हणून. तेव्हा आधी उपचार घ्या, फाईल उघडण्याआधी.

१२. ठरवलं! उद्यापासून एकदम बंद. चालेल ना?

रोज, बरीच वर्षं पीत असाल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतो.

शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, मळमळ होते. पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात : भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, माणूस अंथरुणातून उठून पळतो. गावात याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. हा आजार आहे, त्याने मृत्यू येतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर तो टळतो.

डॉक्टर झटके थांबवणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, आणि जीवनसत्त्व बी-१ म्हणजे थायमिन देतात. नुसतं "ताकदीचं सलाईन" लावून घेऊ नका. दारूच्या पेशंटला ग्लुकोजआधी थायमिन लागतं, हे डॉक्टरांना माहीत असतं, बिनडिग्रीवाल्याला नसतं. ज्यांना आधी कधी फेफरं आलं असेल, ज्यांना साखर किंवा यकृताचा त्रास असेल, त्यांनी भरतीच व्हायचं.

१३. चहात मिसळून द्यायची पावडर मिळते. नवऱ्याला कळत नाही आणि दारू सुटते म्हणतात. देऊ का?

देऊ नका, ताई. अशा पुड्यांत काय आहे हे पाकिटावर नसतं. काहींत डायसल्फिराम नावाचं खरं औषध मिसळलेलं असण्याचा धोका असतो. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदय कमजोर असलेला माणूस जाऊही शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. इच्छा कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. कोणतं चालेल ते यकृत बघून ठरतं.

१४. उपचार कुठे मिळतो? खाजगी केंद्रवाले महिन्याचे हजारो रुपये सांगतात.

पहिलं ठिकाण जिल्हा सामान्य रुग्णालय, मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथेच भेटतात. नागपूर, यवतमाळ, अकोला इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ हा कार्यक्रम चालला, त्यात तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक सुरू झाली. लांब जायची तयारी असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.

उपचारानंतर टिकून राहायला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका आहेत. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. मी तिथेच टिकलो. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे.

खाजगी केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी बघा. साखळीने बांधणं हा कायद्याने गुन्हा आहे. तसं दिसलं तर माणूस परत आणा.

१५. तो तयारच नाही. उचलून नेऊन भरती करता येतं का?

केवळ पितो म्हणून नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, आणि स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर २०१७ च्या कायद्यात नातेवाइकाच्या अर्जावरून ठरावीक मुदतीसाठी भरतीची तरतूद आहे. ते डॉक्टर ठरवतात. रात्री चार माणसं पाठवून गाडीत कोंबणाऱ्यांच्या नादी लागू नका. तो तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊन समुपदेशकाला भेटू शकता. तिथून पुष्कळदा वाट निघते.

१६. पगार होतो, पण घरात एक पैसा येत नाही. ऑफिसने पगार माझ्या खात्यात टाकावा असं करता येतं का?

नुसत्या अर्जावर ऑफिसला तसं करता येत नाही. त्याच्या संमतीने संयुक्त खातं, घरखर्चाची आपोआप बदली हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि उपचाराच्या सुरुवातीला बरेच जण तयार होतात. ती वेळ साधा.

संमती नसेल तर कोर्ट आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच मानली आहे. न्यायदंडाधिकारी खर्चाची रक्कम ठरवून देतात आणि नवऱ्याने ती दिली नाही तर पगारातला तेवढा भाग थेट पत्नीला द्या, असा आदेश ते कार्यालयाला देऊ शकतात. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, वकिलाची फी नसेल तर तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. मारहाण होत असेल तर वाट बघू नका : ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) वर फोन करा.

१७. साहेबांकडे तक्रार केली तर नोकरी जाईल, नाही केली तर माणूस जाईल. मी काय करू?

हा फोन आला की मी थोडा वेळ गप्प राहतो. तक्रार आणि विनंती यात फरक आहे, तो वापरा. कार्यालयप्रमुखांना भेटून सांगा : "यांना उपचाराची गरज आहे, रजा मंजूर करा, आणि परत आल्यावर काही दिवस लक्ष ठेवा." सोबत डॉक्टरांची चिठ्ठी न्या. बहुतेक अधिकारी अशा वेळी माणसासारखे वागतात. "यांना निलंबित करा, म्हणजे अक्कल येईल" असं रागाच्या भरात लिहून देऊ नका. ते कागद परत घेता येत नाहीत.

"नोकरीत असताना गेला तर पोराला अनुकंपावर लागेल" असं सासरचे लोक बोललेले एका बाईने मला रडत सांगितलं होतं. असं कोणी म्हणत असेल तर त्या घरातून आधी माणसाला बाहेर काढा, दवाखान्यात न्या.

१८. निवडणुकीच्या ड्यूटीवर घेतली तर?

त्या काळात तुम्ही निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर मानले जाता. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत तिथे दारूविक्रीच बंद असते. कारवाई जलद आणि कडक होते. ज्याला रोजची लागते त्याचे या दोन दिवसांत झटके सुरू होऊ शकतात (प्रश्न १२), म्हणून आधीच वैद्यकीय कारणाने ड्यूटी रद्द करून घ्या.

१९. बडतर्फी, सेवेतून काढणं आणि सक्तीची सेवानिवृत्ती यात पेन्शनचा काय फरक?

बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरी सहसा मिळत नाही. नुसतं काढून टाकलेल्याला ती आडकाठी नसते. दोन्हींत जुन्या योजनेचं निवृत्तिवेतन जातं, मात्र विशेष बाब म्हणून दोन तृतीयांशपर्यंत अनुकंपा निवृत्तिवेतन मंजूर करता येतं. ते हक्काचं नाही, मागावं लागतं. सक्तीच्या सेवानिवृत्तीत निवृत्तिवेतन मिळतं. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना अंशदायी योजना आहे, त्यांचा हिशेब वेगळा. शिक्षा झाली तर अपिलाची मुदत चुकवू नका.

२०. सहा महिने सुटली होती, लग्नात एक घेतली आणि पुन्हा सुरू झाली. सगळं वाया गेलं का?

नाही गेलं. मी स्वतः दोनदा घसरलो. सहा महिने शरीर सावरलं ते सावरलंच. पण "आता झालंच आहे, हा महिना जाऊ दे" म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, लपवू नका. घसरण कुठे झाली ते लिहून काढा : कोणतं लग्न, कोण सोबत, खिशात किती पैसे. माझ्या दोन्ही वेळा थकबाकी जमा झाल्याच्या आठवड्यातल्या होत्या. तेव्हापासून मोठी रक्कम आली की कार्ड बायकोकडे जातं.

२१. सोडून कामावर आलो. पण सगळे अजून जवळ येऊन वास घेतात. किती दिवस सहन करू?

माझ्या बाबतीत साधारण वर्षभर चाललं. शिपाईसुद्धा पाणी ठेवताना वाकून वास घ्यायचा. राग यायचा, पण त्याला मी कितीदा दारू आणायला पाठवलं होतं ते आठवायचं. कोणाला काही सांगायला गेलो नाही. वेळेवर यायचो, दुपारच्या सुट्टीत जागेवर बसून डबा खायचो. एक दिवस साहेबांनी पाणीटंचाईची फाईल सरळ माझ्या टेबलवर ठेवली आणि पुढे गेले. काही बोलले नाहीत.

२२. मी लाइनमन आहे. उपचार सुरू आहे, गोळ्या चालू आहेत. पोलवर चढू का?

सुरुवातीच्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. त्या चालू असेपर्यंत पोलवर नाही, गाडीवर नाही, एकट्याने रात्रपाळी नाही. डॉक्टरांकडून "हलकं काम द्यावं" असं मुदतीसह लिहून घ्या आणि सहायक अभियंत्यांना अर्ज द्या : उपकेंद्रातलं नोंदवहीचं काम, मीटर रीडिंग, कार्यालयीन काम. गोळ्या बंद झाल्यावर पुन्हा तपासून कामास योग्य असल्याचा दाखला घ्या, मगच पट्टा बांधा. एसटीचे चालक आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनाही हेच लागू. अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा. आणि तेवढे दिवस शक्य असेल तर रजेवर राहा.